लिंबू, गाढव आणि नानांची गवळण

परवा माधवनगरला आईकडे गेलो होतो. माळ्यावरचा जुना सीपीयू तिनं आजवर भंगारात देऊ दिला नव्हता... "आत नाना हायती," म्हणायची.

नाना म्हणजे माझे वडील. भजनात त्यांचा गळा लय गोड. मी कॉम्प्युटरला नवा माइक आणला तेव्हा हौसेनं एक गवळण रेकॉर्ड करून दिली होती. पुढं नाना गेले आणि वर्षभरात हार्डडिस्कही गेली. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले.

त्या काळी इंटरनेटवरून एकमेकांच्या कॉम्प्युटरमधली गाणी उतरवायला आमच्याकडे दोन प्रोग्रॅम होते. चित्रांवरून आम्हीच नावं ठेवलेली, लिंबू आणि गाढव! लिंबू चटपटीत, पण गाण्याऐवजी काय पदरात पडेल याचा नेम नाही... बऱ्याचदा व्हायरसच. गाढव एका गाण्याला दोन-दोन दिवस घ्यायचं, पण आणून द्यायचं. नंतर टोरंट आलं. वेग भन्नाट, पण फाइल ठेवणारं पलीकडं कुणी नसलं की नव्व्याण्णव टक्क्यांवर जीव टांगणीला!

माझा भरवसा गाढवावर. घाईत मी त्याला अख्खा डी ड्राइव्हच शेअर करून ठेवला होता, नानांच्या गवळणीसकट. मित्र हसले, "गड्या, घराचं दार सताड उघडं टाकलंस की रं!"

तर... गेल्या आठवड्यात भजनाच्या ग्रुपवर साताऱ्याच्या एका अनोळखी काकांनी ऑडिओ टाकला. खाली लिहिलेलं, "जुन्या कॉम्प्युटरवर कवातरी उतरवून घेतली हुती. आवाज कुणाचा हाय, कुणी सांगंल का?"

पहिल्याच ओळीला मनात आलं, हे तर नाना! तरी खात्री वाटेना. मग रेकॉर्डिंगमध्येच मागनं, स्वयंपाकघरातून हाक आली, "आवं, दूध उतू चाललंय, बगा की!" ...आमची आई!

परवा तिला ऐकवली. स्वतःची हाक ऐकून ती आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावला. "मी जरा गप बसले असते तर..." एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पुन्ना लाव. आन् त्यो डबा दे आता भंगारात."

फाइल लगेच सगळ्या नातेवाइकांना पाठवली. आता नाना कडेगावला आत्याकडे आहेत, आष्ट्याला मामांकडे आहेत, फौजेतल्या धाकट्या भावाच्या फोनमध्ये पार सीमेवर आहेत.

काका, तुमचे उपकार कसे फेडू... फक्त तुमच्याकडची फाइल डिलीट करू नका.