डब्यांखालची कॅलेंडरं

"जुनी कॅलेंडरं कुठायत गं?" सासूबाईंनी विचारलं आणि माझ्या हातातलं लाटणंच पडलं. कॅलेंडरं मी कापली होती. सात वर्षांची! घर झाडताना वाटलं, कागद किती जाड आहे, म्हणून फळ्यांवर अंथरली, वर डबे ठेवले, आणि उरलेली भंगारवाल्याला दिली.

मला काय माहीत त्यात काय होतं! मी आठवीपर्यंत शिकलेली. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी आला, एवढंच लिहितात ना कॅलेंडरवर?

सासूबाई कारखान्यात पॅकिंगला होत्या तेव्हा त्यांनी एका कंपनीचे थोडे शेअर घेतले होते. दरवर्षी कंपनीच्या नफ्यातला वाटा, डिव्हिडंड, आला की त्याला हात लावायच्या नाहीत, त्याचेच आणखी दोन-चार शेअर घ्यायच्या. आमचे हे चिडवायचे, "आई, त्यांनी दिलेलं परत त्यांनाच देतेस! एकदा तरी बिर्याणी खाऊ." तर म्हणायच्या, "दही संपवताना चमचाभर विरजणाला ठेवतोस ना रे? का वाटी घेऊन शेजारी जातोस?" पैसा हातात येत नसे, तरी त्यावरचा टॅक्स त्या पेन्शनमधून भरायच्या. मधे एक वर्ष भाव पडला तेव्हा मात्र म्हणाल्या, "सगळं एकाच भांड्यात लावलं, ते माझं चुकलं."

आता ते शेअर विकायचे होते, माझ्या लेकीच्या कानाच्या ऑपरेशनसाठी. तिला ऐकूच येत नव्हतं. पण जुन्या दलालाचं दुकान बंद पडलेलं. शेअर नव्या खात्यात आले, ते कितीला घेतले ते काही आलं नाही. ऑडिटर म्हणाले होते, "पहिल्या खरेदीची पावती आहे, पण नंतरच्या प्रत्येक वेळचे शेअर म्हणजे वेगळी खरेदी. तारीख आणि भाव दाखवा, नाहीतर विकून आलेली सगळी रक्कम नफाच धरतील, टॅक्स वाढेल." आणि टॅक्स वाढला तर ऑपरेशनला कमी पडणार होतं.

तारीख आणि भाव कॅलेंडरवर. कॅलेंडर डब्यांखाली.

मी सासूबाईंचे पायच धरले. "अत्ते, माझ्या हातून घात झाला." वाटलं आता माहेरी पाठवतात. त्यांनी पदर खोचला. "रडून काय होतंय? डबे उतरव."

तांदूळ, डाळ, गूळ, तेलाचा डबा, सगळं खाली. तेलाच्या डागाखालीही त्यांचं अक्षर दिसत होतं: दूध नाही, आणि त्याच्याच खाली, चार शेअर, अमुक भाव. सहा वर्षांच्या नोंदी सापडल्या. सातव्या वर्षाचं पान भंगारात गेलं.

लेकीला कडेवर घेऊन आम्ही दोघी कोरमंगला भागात ऑडिटरकडे गेलो. ते आमच्याच समाजातले, पण बोलण्यात इथलं कन्नड मिसळतं. त्यांनी तेलकट कागद नाकाला लावले. "अक्का, लोणच्याचा वास येतोय! सरी, सातव्याचा भाव स्वल्प अंदाजे टाकू. कोण बघतंय?"

"मी बघतेय," सासूबाई म्हणाल्या. "कागद नाही तर त्या खरेदीचा खर्च शून्य लिहा. त्यावरचा टॅक्स मी भरीन."

बाई गं! मी बघतच राहिले.

घरी ह्यांनी विचारलं, "एक पान कुठं गेलं?" सासूबाई म्हणाल्या, "माझ्याच हातून रद्दीत गेलं. म्हातारी झाले मी." हे हसले, "आणि मला म्हणतेस, पसारा करतो!" मी चपाती उलटली. ती आधीच जळली होती.

पैसे पुरले. ऑपरेशन झालं. लेक आता कुकरच्या शिट्टीला दचकते आणि मी उभ्या उभ्या रडते.

यंदाचं कॅलेंडर खिळ्याला आहे, दोरीला पेन्सिल. सासूबाई सांगतात, मी लिहिते, आणि आता वहीतही उतरवते. पण हे अजून येता-जाता त्यांना त्या पानावरून चिडवतात, आणि मी तोंड उघडलं की त्या डोळे वटारतात. माझी चूक त्या अंगावर घेऊन बसल्यात. सांगावं, तर त्यांचा शब्द मोडतो, नाही सांगावं तर घास उतरत नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?