प्रार्थनेची वेळ

सेमिनरी सोडून राजकुमारला पंचवीसएक वर्षं झाली होती, तरी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये तो अजून अर्धा फादर असल्यासारखाच वावरायचा. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, बोलणं हळू. फॅक्टरीतून आला की आंघोळ, चहा आणि मग आतल्या खोलीचं दार लोटून जपमाळ. त्या वेळात त्याला हाक मारायची नाही, असा घरातला रिवाज होता. तो त्यानं घालून दिला नव्हता. बायकोनं, रीनानं, आपणहून पाळायला सुरुवात केली आणि त्यानं पाळू दिला.

नागपूरला सेमिनरीत फादर होण्याचं शिक्षण घेत असताना त्याचे वडील वारले. बहिणींची लग्नं व्हायची होती. थोड्या दिवसांसाठी म्हणून घरी आला आणि परत गेलाच नाही. नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. पण देवानं आपल्याला नाव घेऊन बोलावलं आणि आपण गेलो नाही, हे त्याच्या मनातून कधी निघालं नाही. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसायचा. रविवारच्या उपासनेत, मिस्सेत, बायबलचं वाचन करायला सांगितलं तर हात जोडून नाही म्हणायचा. लोकांना तो नम्रपणा वाटायचा, आणि लोकांना तसं वाटतं हे त्याला ठाऊक होतं.

उन्हाळ्यात पाचारणाचा, म्हणजे देवाच्या हाकेची आठवण करायचा रविवार आला. प्रवचन झाल्यावर नवे फादर म्हणाले, देवानं आपल्याला कसं बोलावलं ते कुणाला सांगायचं असेल तर सांगा. कुणी उठेना. मग राजकुमार उठला.

"मले देवानं बोलावलं होतं," तो म्हणाला. "मी गेलो नाही. आज जगून राहिलो ते दुसऱ्या नंबरचं जगणं हाय. पोरांनो, माझ्यासारखं करू नका."

तो बसला तेव्हा पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं वळून त्याचा हात धरला. एकदोघांचे डोळे ओले झाले होते. बायकांच्या बाजूला रीना बसली होती. तिकडे त्यानं पाहिलं नाही.

घरी जाताना रीना स्कूटरवर बसली नाही. चालत येते म्हणाली. आठवडाभर तिनं डबा भरून दिला, कपडे वाळत घातले, विचारलं तेवढंच बोलली. पुढच्या रविवारी साडी नेसून तयार झाली आणि खाटेवर बसून राहिली.

"तुम्ही जा. मी नाही येत."

"काहून?"

"दुसऱ्या नंबरचं जगणं म्हणजे मी अन् पोरगीच ना?"

राजकुमार शिकलेल्या माणसासारखं बोलला. "मी माझ्या पापाबद्दल बोललो रीना, तुझ्याबद्दल नाही."

"माझ्याबद्दल तुम्ही कधी बोललेच नाही. मी बाप्तिस्मा कायले घेतला, हे तरी इचारलं का कधी?"

त्यानं विचारलं नव्हतं. रीना आंधळगावच्या बौद्ध घरातली. लग्नासाठी तिनं धर्म बदलला असेल, असं त्यानं धरून घेतलं होतं. तो विषय आपण कधी काढत नाही, हा आपला मोठेपणा, असंही त्याला वाटत आलं होतं.

"तुमचं स्थळ तर लय मागून आलं," रीना म्हणाली. "मी चर्चच्या सिस्टरच्या दवाखान्यात कामाले होतो. एक म्हातारी आली होती, अंगभर जखमा, सोबत कोणी नाही. तिचं तोंड पुसून राहिलो होतो, तेव्हा मले वाटलं, कोणतरी माझं नाव घेतलं. मागं पाह्यलं तर कोणी नव्हतं. बाबाले सांगतलं. बाबा दोन दिवस जेवला नाही धड. मंग म्हणे, तुयं मन साफ असन तर जा. बाबाले सोडून आल्यावाणी वाटलं मले. तुम्ही एक सोडलं त्याचं दुःख सगळ्या चर्चाले सांगतलं. माझं कोणाले सांगू?"

तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"अन् रोज संध्याकाळी बायजाबाई दारात येते, ते तुम्हाले ऐकू येते का नाही?"

येत होतं. शेजारच्या क्वार्टरमध्ये केवळराम आपल्या मुलाकडे राहायचे. त्यांना लकवा मारला होता. मुलगा कायम सेकंड शिफ्टला असायचा, म्हणून संध्याकाळी त्यांना उचलून चादर बदलणं त्यांच्या बायकोला, बायजाबाईला, एकटीला जमायचं नाही. ती दारात येऊन विचारायची, "भाऊ हायेत का?" रीना म्हणायची, "ते प्रार्थनेत हायेत, मीच येतो." आणि कंबर दुखत असली तरी जायची. आत राजकुमारला शब्द न् शब्द ऐकू यायचा. बायजाबाईचा आवाज आला की तो जपमाळ जरा मोठ्यानं म्हणायचा. हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नाही, असं त्याला वाटत होतं. रीनाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला कळलं की तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्या संध्याकाळी दार वाजलं तेव्हा राजकुमारनं उघडलं. बायजाबाईनं त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं.

"रीना नाही का घरी?"

"मी येतो काकू."

खोलीत औषधाचा आणि लघवीचा वास कोंडला होता. त्याला पाहून केवळरामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बोलताना त्यांची जीभ अडखळत होती. "तुम्ही काहून आले भाऊ? तुमची पूजेची वेळ."

राजकुमारला कुठं हात घालावा ते समजेना. चुकीचं उचललं तसे म्हातारे कण्हले. बायजाबाईनं दाखवलं, एक हात पाठीखाली घ्या, गुडघा खाटेवर टेकवा. चादर बदलून झाली तेव्हा केवळरामांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"दुसऱ्यासमोर असं पडून राहायची लाज वाटते," ते म्हणाले.

"लाज मले वाटाले पाह्यजे काकाजी. भिंतीपलीकडेच तर बसलो होतो."

त्यानंतर तो रोज जाऊ लागला. पण मन हलकं झालं नाही. बायजाबाई "देवमाणूस हाय" म्हणायची, तेव्हा त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटे. चर्चमध्ये पुन्हा उभं राहून आपण चुकीचं बोललो हे सांगावं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं रीनाला तसं सांगितलं.

"नका उभे राहू," ती म्हणाली. "चारचौघात बोलून तुम्हाले बरं वाटन. मले नाही."

मग त्यानं ते फक्त पापकबुलीत फादरना सांगितलं, आणि बाहेर गप्प राहिला.

कितीतरी रविवार रीना गेली नाही. तो एकटा मिस्सेला जायचा. लोक विचारायचे, तिची तब्येत बरी नाही का? तो मान खाली घालून म्हणायचा, "माझ्यामुळं येत नाही." पुढचं विचारायची कुणाची हिंमत होत नसे. शेवटी एका रविवारी काही न बोलता ती तयार झाली आणि स्कूटरवर मागं बसली. प्रसादाची भाकर घ्यायच्या, कम्युनियनच्या रांगेत तो तिच्या मागंच होता, पण पाऊल उचलेना. मागच्या माणसाला त्यानं पुढं जाऊ दिलं, मग त्याच्या मागच्याला. सगळ्यांत शेवटी तो वेदीसमोर पोचला.

बाहेर आल्यावर रीनानं विचारलं, "मागं काहून राहिले?"

"लाज वाटली."

"वाटू द्या," ती म्हणाली आणि स्कूटरवर बसली. "चला लवकर. केवळरामजीची पोरगी तुमसरहून येऊन राहिली. तिच्या आधी त्याहिले आंघोळ घालून द्या."