दोन लाल ठिपके

दसऱ्याच्या सकाळी कांदिवलीच्या घरात माझ्या टेबलावर दोन सारख्याच हार्ड डिस्क होत्या. एकीतला ऑफिसचा डेटा कायमचा पुसायचा होता. दुसरीत गेलेल्या बाबांचे व्हिडिओ होते. पुसायच्या डिस्कवर मी लाल मार्करने ठिपका काढला आणि आंघोळीला गेलो. परत आल्यावर समोर दिसली ती ठिपक्याची डिस्क जोडली, पुसणं सुरू केलं. मग दुसरी उचलली. तिच्यावरही लाल ठिपका!

"आई, याला हात कोणी लावला?" मी ओरडलो.

आई पूजेचं ताट घेऊन आली. "ओरडतोस काय? एकीलाच कुंकू लावलंस, दुसरीने काय घोडं मारलं होतं? तिला मी लावलं."

मी वायर उपटली. जोडलेल्या डिस्कवरचा ठिपका अंगठ्याने घासला. मार्कर असता तर निघाला नसता.

अंगठा लाल झाला.