सत्तेचाळीस नंबरची हजेरी

आधीच सांगून टाकते... मी बी.एस्सी.ला आहे आणि आमच्या घरात बाहेरचं, नजर, उतारा असलं काही मानत नाहीत. साधा देव्हाराही नाही. पुराव्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हे पप्पांनी शाळेत घालायच्या आधीच शिकवलं होतं. त्यामुळे हे लिहितानाही थोडी लाज वाटतेय. पण घडलं ते घडलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. दहावीपर्यंत मी लातूरकडच्या आमच्या गावात मराठी शाळेत होते. बारावी तालुक्याच्या अशा कॉलेजात केली, जिथे हजेरी कोणी घेतच नाही. मग करंजाड्याला मामाकडे राहायला आले आणि पनवेलजवळच्या एका कॉलेजात फर्स्ट इयरला ॲडमिशन घेतलं.

दुसरा मजला, सकाळी सव्वानऊ, केमिस्ट्रीचं लेक्चर. खिडकीकडच्या रांगेत मी शेवटून दुसऱ्या बाकावर. माझ्या मागचा बाक पाय मोडलेला, त्यावर कोणी बसत नसे. त्याच्या मागे भिंत. मॅडम मान वर न करता भराभर इंग्रजीत नंबर घ्यायच्या. माझा फोर्टी सेव्हन. तो आला की मी "प्रेझेंट मॅम" म्हणायचे... म्हणजे तोंड उघडायचे. आवाजच फुटायचा नाही. तोवर मॅडम पन्नासच्या पुढे गेलेल्या. नंतर जाऊन सांगायचं तर त्याला आणखी हिंमत लागते! हसू नका, पण मी वर्गात बसून रोज गैरहजर लागत होते.

दोन-तीन आठवड्यांनी डिफॉल्टर लिस्ट लागली. त्यात मी. मॅडम म्हणाल्या, "असंच चाललं तर परीक्षेला बसता येणार नाही. पालकांना घेऊन ये."

पप्पांना फोन केला. ते रागावले नाहीत. "जमत नसंल तर ये की माघारी, बाळा. इथं बी कॉलेज हाईच की."

खरं सांगू? मला हायसं वाटलं. शनिवारच्या बसचं तिकीट काढलं, बॅग भरली. शुक्रवारी शेवटचं म्हणून लेक्चरला बसले.

"फोर्टी सेव्हन?"

माझ्या पाठीमागून आवाज आला — "प्रेझेंट मॅम!"

मुलीचा आवाज. स्वच्छ, मोकळा, कसली घाई नसलेला. मॅडमनी टिक केलं आणि पुढचा नंबर घेतला. मी वळून पाहिलं. मोडका बाक, त्यावर धूळ, बाकी काही नाही. वाटलं, कोणीतरी प्रॉक्सी मारली असेल. पण या एवढ्या वर्गात मी राहावं असं कोणाला तरी वाटतंय, या एका विचाराने मला रडू आलं. घरी येऊन मामाला सांगितलं, अजून एक आठवडा बघते. तिकीट रद्द केलं.

मग रोज. तोच आवाज, तिथूनच. मी वळायचे, तर बाक रिकामा. पण हजेरीचं टेन्शन गेलं तशी मी हळूहळू माणसात आले. नावड्याची सानिका शेजारी बसायला लागली. एकदा म्हणाली, "तू हजेरीला एवऱ्या जोरात बोलतंस, न मंग दिवसभर तोंड शिवून बसतंस!" म्हणजे तिनेही ऐकलं होतं. मी नुसतीच हसले.

दिवाळीनंतर मला ताप आला. तीन दिवस घरीच. परत आल्यावर सानिकाला पहिला प्रश्न हाच विचारला — माझी हजेरी?

"मॅडमनी तुजा नंबर घेतला, पन कोनी बोलला नाय. तिन्ही दिस ॲबसेंट."

अंगावर काटा आला तो तेव्हा. प्रॉक्सी मारतात ती माणूस नसताना. आणि इथे मी नव्हते, तर आवाजही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, आज पकडायचंच. चाळीस नंबर झाल्यापासूनच मी पूर्ण मागे वळून बसले, नजर त्या बाकावर.

"फोर्टी सेव्हन?"

काहीच नाही.

"फोर्टी सेव्हन... ॲबसेंट?"

माझी हजेरी आधीच काठावर, त्यात तापाचे तीन दिवस गेलेले. झटकन पुढे वळले, मॅडमचं पेन खाली येताना दिसलं आणि मी ताडकन उभी राहून ओरडले — "हजर, बाई!"

अख्खा वर्ग हसत सुटला. गावच्या शाळेतली सवय, दुसरं काय! मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली. त्याही हसत होत्या. गंमत म्हणजे मीसुद्धा हसत होते.

लेक्चर संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. "आज पुढे बसलीस का? रोज तुझा आवाज शेवटच्या बाकावरून येतो."

"नाही मॅम, मी रोज इथेच बसते," मी म्हणाले. त्यांनी मागच्या मोडक्या बाकाकडे एकदा पाहिलं आणि त्या रजिस्टर घेऊन निघून गेल्या.

तो आवाज पुन्हा कधी आला नाही. परीक्षा दिली, पास झाले, आता सेकंड इयरला आहे. पप्पांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पुरावा नाही, पण तू तिथं हाईस की."

मलाही यापलीकडे काही कळलेलं नाही. गेल्या महिन्यात न राहवून मी मुद्दाम माझ्या नंबराला गप्प बसले. कान मागे लावून वाट पाहिली. कोणी बोललं नाही आणि माझी ॲबसेंट लागली. त्या एका गैरहजेरीचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.