सहाव्या दांडीची गाडी

करमणुकीच्या बागांतल्या जुन्या गाड्यांचं मला वेड होतं. कधीकाळी बनवलेल्या, एक पोर जेमतेम मावेल अशा, गोल फिरणाऱ्या पत्र्याच्या मोटारी. दौंडच्या रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत अशा चार होत्या आणि बायकोला कपाट ठेवायला जागा नव्हती.

पाचवी मला नव्वदनंतरच्या एका वर्षी कवठे येमाईच्या यात्रेत दिसली. शिरूरचं एक म्हातारं जोडपं तिथं हातानं ढकलायचं मेरी-गो-राउंड चालवायचं. सहा दांड्यांना सहा गाड्या. पाच गावातच वेल्डिंग करून घेतलेल्या. सहावी मात्र अस्सल, मुंबईच्या कुठल्याशा बंद पडलेल्या बागेतली, पितळी भोंग्याची. तो भोंगा पाहिला आणि माझी झोप उडाली.

म्हातारा तयार होईना. "एक काढली की कलंडतंय, साहेब. न्यायची तर समोरची बी न्या."

समोरचीला जागा कुठून आणू? आणि खरं सांगायचं तर तसलं भंगार मला नकोच होतं. "आप्पा, वाळूचं पोतं बांधा की तिच्या जागी," मी शहाणपणा शिकवला. त्यांची ताडपत्री फाटली होती, नवी घ्यायची होती, आणि मी चिवट होतो. गाडी दौंडला आली.

पुढच्या यात्रेला पुन्हा गेलो. म्हातारा ढकलत होता. पाच गाड्यांत पोरं किंचाळत होती आणि सहाव्या दांडीला टांगलेल्या फळीवर त्याची बायको बसली होती. पदर डोक्याला घट्ट गुंडाळलेला, डोळे मिटलेले.

फेरा थांबल्यावर मी विचारलं, "मावशी, तुम्ही?"

"पोतं गळतंय वो. वाळू पोरांच्या डोळ्यात जाती. मंग म्याच बसते." खांब धरून ती जरा उभी राहिली. "पयल्या दिशी लई मळमळलं. आता न्हाई."

तक्रारीचा सूर नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्याच गाडी परत आणतो, हे शब्द अगदी ओठांवर आले.

तेवढ्यात तिनंच विचारलं, "आमची गाडी बरी हाय नव्हं? बसत्यात का पोरं तिच्यात?"

"बसतात की," मी म्हणालो.

घरी गाडीवर चादर घातलेली होती. माझ्या मुलीलाही मी भोंग्याला हात लावू दिला नव्हता.

"मंग झालं," ती म्हणाली आणि पुन्हा फळीवर चढली.

गाडी अजून माझ्याकडेच आहे.