डाव्या चाकाचा खुंटा

माझ्या कामाला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरायचं. आजही फिरतं, पण आता मी गप्प बसतो. त्या वेळी बसत नव्हतो, आणि जिथं बोलायचं तिथं नेमका गप्प बसलो. ते सांगायलाच हे लिहितोय.

कोल्हापुरात उद्यमनगरला एका शेडमध्ये मी लेथवर, लोखंड फिरवत कापायच्या यंत्रावर, काम करायचो. ज्यांनी मला हातात हत्यार धरायला शिकवलं ते मिस्त्री आणि मी, एवढीच माणसं. आमच्याकडच्या टर्नरला एक खोड असते. बाजारात मिळणारी वस्तू तो विकत आणणार नाही, 'त्यात काय हाय, करतो की' म्हणून स्वतः करेल. दुसरी खोड त्याहून जुनी. लोखंडात पायरी काढायची तर तिचा कोपरा असा काटकोनात यायला पाहिजे, की काटकोन तपासायचा गुण्या लावला तर पलीकडचा उजेड दिसता कामा नये. आम्ही एकमेकांची लायकी त्या कोपऱ्यावरनं ठरवायचो. माझा कोपरा बघायला शेजारच्या शेडमधली माणसं यायची. मला त्याची लई घमेंड होती, आता कशाला लपवू?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, सासर कागलला. ऊस, म्हशी, भरलं घर. दाजींना गाड्यांचं वेड. एका वर्षी त्यांनी पुण्याहून जुनी परदेशी स्पोर्ट गाडी आणली. लाल, दोन दारांची, मागं जेमतेम लहान पोर मावेल अशी सीट. आक्का पहिल्यांदा बघून म्हणाली की ह्यात बसायचं का ही अंगात घालायची. सरळ रस्त्यावर ती गाडी कुणाला ऐकायची नाही. पण वळण आलं की एका अंगाला कलायची आणि स्टिअरिंग फिरवलं तरी नाक बाहेरच्या बाजूला पळवायची. दाजी ती थेट माझ्या शेडच्या दारात घेऊन आले. मुंबईला पाठवा, पुण्याला पाठवा असं त्यांना चारजणांनी सांगितलं होतं. ते म्हणाले, घरात पावणं असताना बाहेर कशाला?

मग काय, मी तुटून पडलो. दोन महिने गाडी शेडमध्ये उभी होती. स्प्रिंगा आखूड आणि कडक केल्या. पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा जाड घातला, म्हणजे वळणावर गाडी कलत नाही. सांध्यांतले रबराचे बुश काढून नायलॉनचे टर्न करून बसवले. रुंद टायर चढवले. रुंद टायर म्हणजे वळणावर चाकाला जास्त जोर, म्हणून बेअरिंगही जास्त दणकट पाहिजे. ते मिळालं, पण बसेना.

चाक ज्या पोलादी खुंट्यावर फिरतं, त्या खुंट्याच्या मुळाशी, जिथं तो जाड होतो तिथं, कारखान्यानं कोपरा न ठेवता गोलाई सोडलेली होती. नवं बेअरिंग त्या गोलाईवर अडून राहत होतं. मध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट. ती फट मला बघवेना. दोन्ही खुंटे काढले, लेथला लावले, गोलाई कापून टाकली आणि कोपरा काटकोनात केला. बेअरिंग असं बसलं की मीच खूश झालो.

मिस्त्रींनी खुंटा हातात घेतला आणि कोपऱ्यात अंगठ्याचं नख फिरवलं.

"हितली गोलाई कुठं गेली?"

मी म्हणालो, काढली, बेअरिंग टेकत नव्हतं. त्यावर ते म्हणाले की बेअरिंगच्या मागं आतली कड तिरकी घासलेली एक रिंग घालायची, गोलाई तशीच ठेवायची, ती उगंच सोडलेली नसते. सांगितलं ते एवढंच, आणि तेही हळू आवाजात. पण मला ते लागलं. मी म्हणालो, मापून बघा, कुठं चुकलं असेल तर दाखवा. त्यांनी खुंटा टेबलावर ठेवला. तुझं काम हाय, म्हणाले, आणि चहाला गेले. नवे खुंटे मिळणं अवघड होतं, पण रिंग घालणं अवघड नव्हतं. कापायच्या आधी विचारलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं.

गाडी मात्र अशी झाली की काय सांगू! दाजी मला शेजारी बसवून जोतिबाच्या डोंगरावर घेऊन गेले. एकेक वळण असं घेतलं की मी सीट घट्ट धरून ठेवली, पण गाडीनं जागा सोडली नाही. रस्त्याला चिकटूनच होती. वर पोचल्यावर त्यांनी माझ्या पाठीत असा धपका घातला की मी ठसकलो. त्यानंतर कागलात, कोल्हापुरात, जिथं चारचौघं भेटतील तिथं दाजी माझं नाव घ्यायचे. ह्यो माझा मेव्हणा, ह्येनं बांधलीय गाडी. मी आपला मान खाली घालून उभा राहायचो आणि आतून फुगायचो.

पाचसहा महिन्यांनी ते एकदा म्हणाले की ब्रेकवर पहिला पाय खोल जातो, दुसऱ्यांदा दाबला की बरोबर लागतो. रोज नाही, घाटातनं आलं की. ब्रेकच्या नळीत हवा शिरली असेल म्हणून मी हवा काढली. हवा निघालीच नाही. पंधरा दिवसांनी परत तेच. परत हवा काढली, परत काही नाही. चाक हातानं हलवून बघितलं तर डावं किंचित, अगदी केसभर हललं असं वाटलं. बेअरिंग आवळलं आणि विषय सोडला. आत खुंट्यापर्यंत गेलो नाही. माझाच खुंटा तो, त्यात काय बघायचं?

मग उसाचा हंगाम आला. हंगामात आमच्याकडं ट्रॉल्यांचे मोडके एक्सल यायचेच. एका सकाळी असाच एक आला, मुळाशी तुटलेला. मिस्त्रींनी मला हाक मारली आणि तुटलेली बाजू दाखवली. कडेपासून आत बऱ्याच भागात ती काळपट आणि गुळगुळीत होती, शिंपल्यावर असतात तशा बारीक रेघा होत्या. उरलेला छोटा भाग खडबडीत, नवा, चकचकीत.

"ह्यो काल मोडलेला न्हाय," मिस्त्री म्हणाले. "लई महिनं मोडत हुता. काल फकस्त तुटला."

चीर कुठनं सुरू झाली ते त्यांनी बोटानं दाखवलं. कुणीतरी कडक काटकोनात काढलेला कोपरा. प्लास्टिकच्या पिशवीला दातानं बारीक चीर दिली की ती तिथनंच फाटत जाते, तसं ते होतं. चाक फिरेल तसा खुंटा जरा जरा वाकतो, आणि चीर जरा जरा आत जाते. बाहेरून कुणाला दिसत नाही. मिस्त्री माझ्याकडं बघत नव्हते. मला मात्र तो खोल जाणारा ब्रेक आठवला. खुंटा वाकत होता, चाक हलत होतं, हलताना ब्रेकचे गुटके मागं ढकलत होतं, म्हणून ब्रेकचा पहिला पाय खोल जात होता. मी तसाच बाहेर पळालो.

समोरच्या दुकानातनं कागलला फोन लावला. दाजींच्या आईनं उचलला. सगळी सकाळीच आंबा घाटाला गेली, म्हणाल्या. आक्का, दाजी आणि त्यांची चार वर्षांची पोरगी. शाहूवाडीकडं हवा चांगली आहे, पोरीला डोंगर दाखवतो म्हणत होते.

मी स्कूटर काढली. आंबा म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटर, वर चढ. सगळ्या वाटेनं मी प्रत्येक वळणावर खाली बघत होतो. खड्ड्यात लाल काही दिसलं की स्कूटर थांबवायचो. एकदा लाल लुगडं वाळत घातलेलं होतं. मलकापुरात चहाच्या टपरीवर विचारलं तर तो म्हणाला, "लाल गाडी व्हय, पावणं? तासभर झाला की. लई जोरात गेली." देवाला कधी हात न जोडणारा मी, स्कूटरवर बसून काय काय नवस बोललो ते माझं मला माहीत.

आणि आंब्याला पोचलो तर गाडी एका हॉटेलसमोर उभी, आणि तिघंही बाहेर बाकड्यावर बसून भजी खात होती. मला रडूच यायला लागलं. पोरगी मामा मामा करत पळत आली. दाजी उठून उभे राहिले. हॉटेलात दहाबारा माणसं होती, त्यातली निम्मी गाडीभोवती घोटाळत होती. दाजी मोठ्यानं म्हणाले, हे बघा, आलाच गाडी बांधणारा, ह्येलाच इचारा. सगळे माझ्याकडं वळले. एक म्हातारा उठला आणि त्यानं माझा हात हातात घेतला.

वाटेत मी ठरवलं होतं, पोचल्या पोचल्या सांगायचं. दाजी, मी खुंटा कापून ठेवलाय, तो कधीही तुटेल, ही गाडी आता एक फूटसुद्धा हलवायची नाही. तीन वाक्यं होती. त्या माणसांसमोर ती माझ्या तोंडातनं येईनात. मी म्हणालो, ब्रेक जरा बघायला पाहिजेत. ते म्हणाले, ब्रेक तर रोजच्यासारखेच हायत. मी म्हणालो, गाडी ट्रकवर घालून नेऊया. दाजी हसायचे थांबले.

"पावणं, काय झालंय? नीट सांगा की."

सरळ विचारलं त्यांनी. याहून सरळ कुणी काय विचारणार?

"काय न्हाय," मी म्हणालो. "जरा संशय आला म्हणून आलतो."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. लई काळजी करतोस लेका, असं काहीतरी म्हणाले. मग मी आक्काला बाजूला घेतलं. म्हणालो, पोरीला वळणांनी मळमळतंय, चेहरा बघ तिचा, तू तिला घेऊन एसटीनं जा. पोरीला काही झालं नव्हतं. तिच्या हातात भजी होती. आक्का क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. तिनं पोरीचं तोंड पुसलं. पिशवी उचलली, आणि कोल्हापूरची एसटी आली तशी पोरीला घेऊन चढली. मला इतकं हलकं वाटलं की मी स्वतःलाच शाबासकी दिली. आता दाजींना एकट्याला गाठून सांगू, असं मनात होतं.

पण एसटी गेली आणि दाजींनी किल्ली बोटावर फिरवली. पोरगी बसलेली असली की पाय मोकळा सोडता येत नाही, म्हणाले. आता मोकळा हाय. घाट उतरून एक चक्कर टाकून येतो, तवर तू चहा घे. मी दारावर हात ठेवला. तो म्हातारा आणि बाकीची माणसं कौतुकानं बघत उभी होती. मी म्हणालो, दाजी, सावकाश. एवढंच म्हणालो, आणि हात काढला.

घाटात गाडीचा आवाज लांबवर ऐकू येतो. गिअर टाकलेला कळत होता, वळणाआधी सोडलेला पाय कळत होता, परत दाबलेला कळत होता. हॉटेलातली माणसं कान देऊन ऐकत होती, मीही ऐकत होतो. तिसऱ्या का चौथ्या वळणानंतर इंजिन एकदम मोठ्यानं ओरडलं आणि मग काहीच ऐकू आलं नाही. एकजण म्हणाला, लांब गेली आता. मी चहाचा पेला तसाच ठेवून स्कूटरकडं पळालो. वाटेत खालून वर येणाऱ्या ट्रकवाल्यानं हात करून मला थांबवलं.

दाजी मला जिवंत भेटले नाहीत. डावं चाक गाडीच्या बरंच पुढं, गटारीत पडलं होतं. मी आधी दाजींपाशी गेलो आणि मग चाकापाशी गेलो, आणि हे सांगायला मला आजही जड जातं. तुटलेला खुंटा बघितला. काळपट, गुळगुळीत, रेघा. चकचकीत भाग बोटाच्या नखाएवढा होता.

सगळे म्हणाले, स्पीड. पंचनाम्यात अतिवेग लिहिलं गेलं. दाजींच्या आई म्हणाल्या, माझ्या पोराला वेड होतं, त्यानंच घात केला. मी मान हलवली. मिस्त्रींना सगळं माहीत होतं. ते माझ्याशी कामापुरतं बोलत राहिले. त्यांनी एकदा जरी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो.

पहिल्या वर्षी दिवाळी नव्हतीच. दुसऱ्या वर्षी आक्कानं भाऊबीजेला बोलावलं. घरातल्या म्हाताऱ्या तिनं ओवाळायला नको म्हणत होत्या, तिनं ऐकलं नाही. मला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ताम्हण उचललं आणि थांबली. पोरगी बाहेर खेळत होती. आक्का माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाली,

"मला उतरवलंस. त्यास्नी का न्हाय उतरवलंस?"

दोन वर्षं मी ह्याची उत्तरं रचून ठेवली होती. त्यातलं एकही निघालं नाही, जे खरं होतं तेच निघालं.

"तिथं माणसं बसलेली, आक्का," मी म्हणालो. "ती माझं कौतुक करत हुती."

तिनं ताम्हण खाली ठेवलं. आमची भाऊबीज तिथं राहिली, ती राहिलीच.