माझ्या कादंबरीची पुण्याला बदली

माझी पहिली कादंबरी छापली जाणार आहे, पण तिची पुण्याला बदली झाली तरच. आज दुपारी पुण्यातल्या प्रकाशनाच्या संपादकांनीच फोन करून हे सांगितलं. या फोनची मी दोन वर्षं वाट पाहत होते.

कादंबरी दिल्लीच्या द्वारका उपनगरातल्या शिंदेकाकूंची आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्यांचं आयुष्य लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं आणि त्याच्या निवृत्तीनंतर त्या द्वारकेच्या सोसायटीत आल्या. पाण्यावरून त्या सेक्रेटरीशी हिंदीत भांडतात, शब्द कमी पडून हरतात आणि घरी येऊन मराठीत रडतात.

"ताई, लिहिलंय छानच," संपादक म्हणाले. "फक्त सोसायटी कोथरूडला न्या. वाचकाला जवळची वाटेल."

"अहो, पण गोष्टच दिल्लीची आहे."

"मग काय झालं? मेट्रो आता पुण्यातही आहे की!"

मी वर्तमानपत्रात उमेदवारी केली आहे. सांगाल तेवढे शब्द कापते, सांगाल त्या वेळेला मजकूर देते. पण कोथरूडला काकू मराठीतच भांडतील आणि पहिल्याच प्रकरणात जिंकतील. मग उरलेलं पुस्तक कशावर लिहू?

हे ऐकून दिल्लीतच वाढलेली माझी लेक म्हणाली, "आई, बिल्कुल नाही हं. काकू तिथे बोअर होतील यार."

सोमवारी संपादक पुन्हा फोन करणार आहेत. तुम्ही काय सांगितलं असतं? मी नाही म्हणणार आहे. मग हस्तलिखित परत येईल, आणि कुरिअरवाला ते माझ्या घरी, द्वारकेतच आणून देईल.